पटलेली जनुकं, न टिकलेले निष्कर्ष

1996 साली ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन लेख छापून आले. सप्टेंबरमधला नील रिश आणि कॅथलीन मेरिकांगास यांचा. त्यात ना रुग्ण होते ना प्रयोगशाळा. होतं ते गणित. मधुमेह, स्किझोफ्रेनिया यांसारख्या आजारांत एकेका जनुकाचा वाटा लहानच असेल, तर तो पकडायचा कसा, याचा तो हिशेब होता. उत्तर असं निघालं की एखाददुसरं जनुक निवडण्यापेक्षा सगळा जीनोम चाळावा, आणि कौल देण्याची अट इतकी कडक ठेवावी की निव्वळ योगायोग दोन कोटींत एखाद्या वेळीच ती पार करू शकेल. एवढं चाळण्याचं तंत्र त्या वेळी कुणाकडेच नव्हतं.

नोव्हेंबरमधला लेख जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचे क्लाउस-पेटर लेश आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांचा. त्यांनी 505 माणसं आणि एकच जनुक घेतलं. सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत ओढून घेणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. जनुकाच्या सुरुवातीला एक तुकडा आहे. काहींमध्ये तो 44 अक्षरांनी लांब असतो, काहींमध्ये आखूड. आखूड रूप असलेली माणसं थोडी जास्त चिंताळू निघाली. फरक लहान होता, लोकांमधल्या एकूण तफावतीच्या तीन-चार टक्के, आणि लेखकांनी तो लहान म्हणूनच सांगितला होता. पण कथा पक्की बसत होती. नैराश्यावरच्या प्रोझॅक आणि तिच्या भाईबंद गोळ्या याच प्रथिनाला अडवतात, हे तोवर प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाला पाठ झालं होतं. औषध जिथे काम करतं तिथेच आजाराचं मूळ असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

पुढची पंधरा वर्षं मानसशास्त्र या दुसऱ्या लेखाच्या मागे गेलं. पहिला लेख वाचला गेला, वाखाणला गेला आणि बहुतेक प्रयोगशाळांत बाजूला ठेवला गेला. हे पुस्तक त्या पंधरा वर्षांबद्दल आहे, आणि त्यानंतर झालेल्या आवराआवरीबद्दलही.

नवख्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारे आजार आपल्याकडे नवे नाहीत. गडचिरोली-चंद्रपूरच्या किंवा नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही सिकलसेल समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, आई-वडील दोघांकडून ते बदललेलं अक्षर आलं की आजार होतो. तिथे जनुक आणि आजार यांचा संबंध सरळ असतो. अशा आजारांची जनुकं घराण्यांच्या वंशावळींतून शोधता आली. 1983 साली हंटिंग्टन आजाराचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर सापडला तो व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांमुळे. प्रत्यक्ष जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं लागली.

साहजिकच हीच युक्ती मनाच्या आजारांवर वापरून पाहिली गेली. 1987 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या आमिश कुटुंबांत द्विध्रुवी विकाराचा दुवा अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याची बातमी झाली. दोन वर्षांनी त्याच वंशावळीत आणखी माणसं तपासली, आधी निरोगी धरलेल्यांपैकी काहींना आजार झाला, आणि दुवा विरला. वंशावळींचा मार्ग इथे चालणार नाही हे दिसू लागलं. त्याच सुमारास पीसीआर स्वस्त झालं. रक्ताच्या एका नळीवरून हवं ते जनुक तपासणं कुठल्याही विद्यापीठाच्या आवाक्यात आलं. मग पद्धत ठरून गेली: आजाराबद्दल जे माहीत आहे त्यावरून एक जनुक निवडायचं, शंभर-दोनशे रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक जमवायचे, आणि त्या जनुकाचं अमुक रूप रुग्णांत जास्त आढळतं का ते पाहायचं. याला म्हणतात कॅन्डिडेट जीन अभ्यास. आधी संशयित ठरवायचा, मग चौकशी.

ही पद्धत मूर्खपणाची होती असं आज म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. ज्ञान हाताशी असताना ते वापरून शोध अरुंद करणं हाच विज्ञानाचा नेहमीचा रस्ता. प्रश्न एवढाच होता, की हाताशी असलेलं ज्ञान खरोखर किती होतं.

सेरोटोनिनच्या जनुकाचीच गोष्ट पुढे नेऊ, कारण सगळं क्षेत्र तिच्यात दिसतं. लेश यांच्या लेखानंतर काहींना तोच संबंध आढळला, काहींना नाही. 2002 साली त्यात मेंदूचे स्कॅन आले: अहमद हरिरी आणि सहकाऱ्यांनी घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाची हालचाल मोजली आणि आखूड रूपवाल्यांमध्ये ती जास्त असल्याचं सांगितलं. माणसं होती 28, प्रत्येक गटात चौदा. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधून सगळ्यात गाजलेला लेख आला. ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात होता. तो अभ्यास आजही जगातल्या सर्वोत्तम दीर्घकालीन अभ्यासांत गणला जातो. अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 847 जणांची माहिती पाहिली. निष्कर्ष असा: आखूड रूपाने एकट्याने नैराश्य येत नाही, पण आयुष्यात एकामागून एक आघात झाले तर आखूड रूपवाले जास्त कोसळतात.

या निष्कर्षाचं आकर्षण आजही समजू शकतं. निसर्ग की संगोपन, या जुन्या भांडणात त्याने दोन्ही बाजूंना न्याय दिला. आधीच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत याचंही उत्तर दिलं: तुम्ही आघात मोजलेच नाहीत. पाठ्यपुस्तकांत तो आला, समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत आला, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आला. शेकडो अभ्यास निघाले. कुणी आघात म्हणून घटस्फोट घेतला, कुणी चक्रीवादळ, कुणी बालपणीचा छळ. कुणी नैराश्याचं निदान मोजलं, कुणी प्रश्नावलीतले गुण. कुठे परिणाम फक्त स्त्रियांत दिसला, कुठे लांब रूपच घातक निघालं. यातल्या बऱ्याच लेखांच्या सारांशात मात्र ‘मूळ निष्कर्षाला दुजोरा’ असंच वाक्य होतं.

2009 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्याची पहिली मोठी झाडाझडती आली. चौदा अभ्यास, 14,250 माणसं. आघातांनी नैराश्य वाढतं हे स्पष्ट दिसलं. जनुकाचा परिणाम दिसला नाही. जनुक आणि आघात यांचा एकत्रित परिणामही नाही. लेखकांच्या यादीत पहिलं नाव नील रिश यांचं होतं आणि शेवटचं कॅथलीन मेरिकांगास यांचं.

वाद तिथे मिटला नाही. 2011 मध्ये 54 अभ्यास घेऊन दुसरं मेटा-अ‍ॅनालिसिस झालं आणि त्याने उलट कौल दिला. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य होतं. कॅस्पी यांच्या बाजूचे म्हणत, की आघात नीट, समोरासमोर मुलाखती घेऊन मोजणाऱ्या अभ्यासांत परिणाम दिसतो, फोनवरच्या चार प्रश्नांच्या अभ्यासांत विरतो. रिश यांनी अशीच ढोबळ माहिती जास्त घेतली. दुसरी बाजू म्हणे, की 54 अभ्यासांच्या पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानेही असा निकाल दिसण्याची शक्यता) एकत्र करणं म्हणजे छापून आलेल्या यशांची बेरीज करणं, न छापलेली अपयशं तिथे येणारच नाहीत. हा तिढा सुटला तो माणसं आणि शिस्त दोन्ही वाढवून. विश्लेषणाची रीत आधीच जाहीर करून, नंतर त्यात फेरफार न करता, 31 ठिकाणची 38,802 माणसांची माहिती तपासली गेली. 2018 मध्ये निकाल आला: भक्कम पुरावा नाही, आणि परिणाम असलाच तर तो सर्वत्र लागू पडणारा नाही. पुढच्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठातल्या रिचर्ड बॉर्डर, मॅथ्यू केलर आणि सहकाऱ्यांनी नैराश्याची सर्वाधिक अभ्यासली गेलेली 18 जनुकं घेतली आणि सुमारे 62 हजारांपासून 4 लाख 43 हजारांपर्यंतच्या नमुन्यांवर तपासली. ती अठरा जनुकं डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा नैराश्याशी जास्त जोडलेली नव्हती.

हे वाचताना माझं मन पहिल्या चुकीपेक्षा तिच्यावर चढलेल्या मजल्यांपाशी जास्त अडखळतं. एखादा संबंध योगायोगाने दिसणं विज्ञानात रोज घडतं. इथे मात्र मुळातला संबंध टिकतो का हे पाहण्याआधीच त्यावर मेंदूचे स्कॅन झाले, उंदरांवर प्रयोग झाले, ‘आखूड रूप म्हणजे दुबळेपणा नव्हे, संवेदनशीलता’ असे सिद्धान्त झाले. प्रत्येक मजल्यावरच्या माणसाला वाटत होतं की खालचा मजला दुसऱ्या कुणीतरी तपासला आहे.

असं होतं कसं, हे आकड्यांतच पाहावं लागेल. समजा, निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मिळून हजार जनुकांवर संशय घेतला आणि त्यातली दहा खरोखर आजाराशी निगडित आहेत. हे प्रमाण मी हिशेबापुरतं धरलंय. नमुना लहान असल्याने खरा संबंध पकडला जाण्याची शक्यता वीस टक्के. म्हणजे दहांतली दोन सापडतील. उरलेली 990 निर्दोष आहेत, पण पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली गेली की छापायचं, असा दंडक असल्याने त्यातली पाच टक्के, म्हणजे जवळपास पन्नास, केवळ योगायोगाने दोषी ठरतील. 52 निष्कर्ष छापून येतील, खरे दोन. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी आकडे फिरवलेले नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी तसं पन्नास वेळा झालं, आणि ज्या 940 वेळा कावळा बसून फांदी तुटली नाही त्यांची नोंद कपाटात राहिली.

आता त्यात माणसाचा स्वभाव मिसळा. जनुकाची दोन रूपं, म्हणजे माणसांचे तीन प्रकार. ते तीन वेगळे मोजता येतात, पहिल्या दोघांना एकत्र करता येतं, शेवटच्या दोघांना एकत्र करता येतं. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. चाळिशीच्या आतले, बाहेरचे. नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, कॉर्टिसॉल. एका माहितीतून पन्नासएक विश्लेषणं सहज निघतात आणि त्यातलं एखादं जमतंच. ते जमलेलं विश्लेषण लेखाच्या प्रास्ताविकात असं मांडलं जातं, जणू सुरुवातीपासून तेच तपासायचं होतं. परस्परपरिणाम शोधायचा तर परिस्थिती आणखी बिकट, कारण तितक्याच आकाराचा परस्परपरिणाम पकडायला साध्या परिणामापेक्षा किमान चौपट माणसं लागतात. लारामी डंकन आणि मॅथ्यू केलर यांनी 2000 ते 2009 या काळातले मानसोपचारातले असे 103 अभ्यास तपासले. नवा दावा करणाऱ्यांपैकी 96 टक्के यशस्वी होते. जुन्या दाव्याची फेरतपासणी करणाऱ्यांपैकी 27 टक्के. या दोन आकड्यांमधली दरी सगळं सांगते.

परिणामांच्या आकाराचा प्रश्न उरतो. आज आपल्याला माहीत आहे की नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियात जनुकाचं एक सर्वसामान्य रूप धोका वाढवतं ते बहुधा तीन, पाच, फार तर दहा टक्क्यांनी. तीस टक्के गुणसूत्रांवर आढळणारं, धोका पाच टक्क्यांनी वाढवणारं रूप साध्या 0.05 च्या निकषावर तरी खात्रीलायक दिसायला हवं असेल, तर सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक लागतात. दोनशे रुग्णांच्या अभ्यासात ते दिसलं असं कुणी सांगितलं, तर त्याला दिसलं ते काहीतरी वेगळंच होतं.

भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावं असा एक धोका आणखी आहे, लोकसमूहांच्या सरमिसळीचा. अ‍ॅरिझोनातल्या पिमा आदिवासींत मधुमेहाचं प्रमाण फार मोठं. तिथे 1980 च्या दशकात अँटिबॉडीच्या जनुकांचं एक विशिष्ट रूप मधुमेहापासून रक्षण करतं असं दिसलं, आणि नमुना जवळपास पाच हजार लोकांचा होता. विल्यम नोलर आणि सहकाऱ्यांनीच त्याचा उलगडा केला: ते रूप युरोपीय पूर्वजांकडून आलेलं होतं. ज्यांच्यात युरोपीय वंशाचा अंश जास्त, त्यांच्यात ते रूपही जास्त आणि मधुमेहही कमी. पूर्ण पिमा वंशाच्या लोकांपुरतं पाहिलं की रक्षण नाहीसं झालं. मोठ्या नमुन्याने ही चूक सुटत नाही. उलट ती जास्त ठामपणे समोर येते.

आता आपल्याकडे पाहा. डेव्हिड राईश, कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की भारतातल्या समूहांमधले जनुकीय फरक युरोपातल्या समूहांमधल्या फरकांहून मोठे आहेत. पुढच्या कामातून दिसलं की जातीबाहेर लग्न न करण्याची रीत सुमारे 1,900 वर्षांपूर्वीपासून घट्ट होत गेली. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयातले रुग्ण आणि त्याच शहरातल्या महाविद्यालयातले निरोगी विद्यार्थी यांची तुलना केली, तर आपण आजारी आणि निरोगी यांची तुलना करतोय की दोन वेगवेगळ्या जातसमूहांची, हे सांगता येत नाही. रुग्ण कुठून येतात, उपचारासाठी कोण येऊ शकतं, महाविद्यालयात कोण पोहोचतं, हे सगळं जातीशी जोडलेलं आहे. शंभर रुग्ण, शंभर निरोगी, एक जनुक, असे प्रबंध आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अजून लिहिले जातात आणि ‘एकाच भागातली माणसं घेतली’ या एका वाक्यावर हा प्रश्न निकाली काढला जातो.

बाकीच्या गाजलेल्या जनुकांची हकीकत थोडक्यात आटपता येते, कारण साचा तोच आहे. नावीन्याची ओढ आणि डोपामिनचं डीआरडी-4 जनुक: 1996 मध्ये धूमधडाक्यात आगमन, नंतर उतरती कळा. दारूचं व्यसन आणि डीआरडी-2: 1990 पासून वाद, आणि मधल्या काळात असं उघड झालं की तपासली जाणारी जागा मुळात शेजारच्या दुसऱ्याच जनुकात आहे. बुद्धिमत्तेशी जोडलेल्या बारा जागा 2012 मध्ये ख्रिस्तोफर चाब्रिस आणि सहकाऱ्यांनी जवळपास दहा हजार माणसांवर तपासल्या; हाती आलं ते योगायोगाने येईल तेवढंच. स्किझोफ्रेनियाच्या 25 नामांकित जनुकांची तीच गत 2017 मध्ये झाली.

एमएओए हे जनुक मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण त्याने विज्ञानाबाहेर जास्त नुकसान केलं. 1993 मध्ये हान ब्रुनर यांना एका डच कुटुंबात हे जनुक पूर्णपणे निकामी करणारा दुर्मीळ बदल आढळला; त्या घरातल्या बाधित पुरुषांत बौद्धिक मंदत्व आणि हिंसक उद्रेक होते. हा शोध पक्का आहे. पण पुढे या जनुकाच्या थोड्या कमी चालणाऱ्या आणि जगभर सर्रास आढळणाऱ्या रूपालाही ‘योद्धा जनुक’ हे नाव चिकटलं. 2006 मध्ये न्यूझीलंडमध्ये ते माओरी समाजाला लावलं गेलं, आणि गरिबी, भूमिहरण, तुरुंगातली गर्दी यांचं उत्तर रक्तात आहे अशा मथळ्यांचा गदारोळ झाला. 2009 मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने खुनाच्या खटल्यात आरोपीच्या जनुकचाचणीचा विचार करून शिक्षा एका वर्षाने कमी केली. दुर्मीळ बिघाड आणि सर्वसाधारण फरक यांतली सीमारेषा पुसली की असं होतं. ही रेषा पुस्तकात मी वारंवार आखली आहे, कंटाळा येईल इतकी.

वैद्यकाकडे वळलं की चित्र बदलतं, आणि मला सांगायची मुख्य गोष्ट इथेच आहे. अपयश तिथेही आहेत. रक्तदाबाशी संबंधित एसीई जनुकाचं एक रूप हृदयविकाराचा धोका वाढवतं असं 1992 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, 2000 मध्ये सुमारे पाच हजार रुग्ण आणि सहा हजार निरोगी लोकांच्या तपासणीत तो परिणाम जवळपास उरलाच नाही. जोएल हिर्शहॉर्न यांनी 2002 मध्ये अशा सहाशेहून अधिक दाव्यांचा आढावा घेतला. त्यातले 166 दावे तीन किंवा अधिक वेळा तपासले गेले होते, आणि सातत्याने टिकले फक्त सहा.

पण ती सहा नावं वाचा. रक्त गोठवणाऱ्या साखळीतला फॅक्टर पाच आणि पायाच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या. सीसीआर-5, म्हणजे एचआयव्ही ज्या दारातून पेशीत शिरतो ते दार. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात खुद्द इन्सुलिनचं जनुक. प्रायॉनच्या आजारात प्रायॉनचं जनुक. ग्रेव्ह्जच्या आजारात रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारं सीटीएलए-4. अल्झायमरमध्ये एपीओई. या बहुतेक ठिकाणी शरीरात काय घडतं हे संशोधकांना आधीच बऱ्यापैकी ठाऊक होतं. औषधांच्या बाबतीत तर ही पद्धत आजही उत्तम चालते. यकृतातलं कुठलं विकर कुठलं औषध तोडतं हे माहीत असतं, म्हणून त्याच्या जनुकावर संशय घेणं हा अंदाज उरत नाही. 2004 मध्ये तैवानमध्ये फिट्सवरच्या कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेले 44 रुग्ण तपासले. 44 च्या 44 जणांत एचएलए-बी 1502 हे रूप होतं, औषध सोसलेल्यांत ते तीन टक्क्यांना. माणसं चव्वेचाळीसच, तरी निष्कर्ष टिकला, कारण परिणाम अवाढव्य होता. अमेरिकेच्या एफडीएने 2007 मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी चाचणी सुचवली. भारतीयांत हे रूप साधारण दोन ते चार टक्के लोकांत, काही समूहांत जास्त आढळतं असंही तिथे नोंदवलं आहे.

म्हणजे पद्धत एकच, आणि तिचं यश अवयवाबद्दलच्या आपल्या ज्ञानाप्रमाणे बदलत गेलं. रक्त, यकृत, रोगप्रतिकारशक्ती यांत ती चालली. मेंदूत पडली, कारण नैराश्यात मेंदूत नेमकं काय बिघडतं हे कुणालाच माहीत नव्हतं. सेरोटोनिनवरचं औषध काहींना लागू पडतं, एवढ्या एका धाग्यावरून जनुक निवडलं गेलं होतं. तापावर पॅरासिटामॉल लागू पडतं म्हणून तापाचं कारण पॅरासिटामॉलची कमतरता, असं आपण म्हणत नाही. मानसशास्त्राच्या पुष्कळ टीकाकारांनी सगळा दोष लहान नमुन्यांवर टाकला आहे. तो आहेच. पण माझ्या मते मोठी गफलत त्याआधीची: आपल्याला मेंदू कळलाय असा समज.

2007 पासून वारं फिरलं. ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टच्या गटाने सात आजारांचे प्रत्येकी सुमारे दोन हजार रुग्ण आणि तीन हजार सामाईक निरोगी लोक घेऊन सगळा जीनोम चाळला. 24 ठिकाणं सापडली. त्यातली नऊ क्रोन्सच्या आजाराची, उच्च रक्तदाबाचं एकही नाही. रिश आणि मेरिकांगास यांनी अकरा वर्षांपूर्वी सुचवलेला तो दोन कोटींत एकाचा निकष आता नियम झाला. 2014 मध्ये जवळपास 37 हजार रुग्णांवरून स्किझोफ्रेनियाची 108 ठिकाणं निश्चित झाली. त्यात डोपामिनचं डीआरडी-2 होतं, आणि जुन्या पद्धतीचे पाठीराखे ते अभिमानाने दाखवतात; दाखवायला हरकत नाही, मात्र बाकीची बहुतेक ठिकाणं कुणाच्याच संशयितांच्या यादीत नव्हती. ‘बिहेवियर जेनेटिक्स’ या नियतकालिकाने 2012 मध्येच जाहीर केलं होतं की भक्कम नमुना आणि स्वतंत्र फेरतपासणी नसेल तर असे लेख स्वीकारले जाणार नाहीत.

तरी जीनोमव्यापी अभ्यासांना शेवटचा शब्द मानणाऱ्यांत मी नाही. 2022 मध्ये 54 लाख माणसांवरून उंचीशी निगडित 12,111 जागा मिळाल्या; इतक्या जागांची यादी म्हणजे उंची कशी वाढते याचं स्पष्टीकरण नव्हे. आणि या अभ्यासांतली माणसं कोण? 2019 च्या एका आढाव्यानुसार सुमारे 79 टक्के युरोपीय वंशाची. तिथल्या माहितीवरून बनवलेले धोक्याचे गुणांक आपल्याकडे लावले की त्यांची धार बोथट होते. जीनोम इंडिया प्रकल्पातून दहा हजार भारतीयांचे जीनोम आता उपलब्ध झाले आहेत. ही सुरुवात चांगली आहे, पण आजारांचा शोध घ्यायला लागणारे रुग्णांचे आकडे त्याहून कितीतरी मोठे असतात.

हा सगळा इतिहास आता कशाला, असं कुणी विचारेल. कारण संशोधकांनी सोडून दिलेली जनुकं बाजारात अजून फिरतात. घरपोच येणाऱ्या थुंकीच्या किटमध्ये मुलाचा कल, वेग, ताण सोसण्याची ताकद सांगणारी पानं असतात, आणि त्यातली कित्येक नावं या प्रस्तावनेत येऊन गेली आहेत. नैराश्यावरचं औषध जनुकावरून निवडून देऊ म्हणणाऱ्या चाचण्यांबद्दल एफडीएने 2018 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला; पण यकृताच्या विकरांवर आधारलेला चाचणीचा भाग आणि सेरोटोनिनच्या जनुकावर आधारलेला भाग एकाच रंगीत तक्त्यात छापलेले असतात, आणि रुग्णाला दोन्ही सारखेच खरे वाटतात. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याच्या फाइलमध्ये एमटीएचएफआर या जनुकाचा अहवाल सापडणं आजही नवलाचं नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय अनुवंशशास्त्राच्या संस्थेने 2013 मध्येच ही तपासणी गुठळ्यांच्या किंवा गर्भपाताच्या कारणांसाठी मागवू नये असं सांगितलं आहे. ज्या बाईच्या हातात तो अहवाल पडतो, ती पुढची कित्येक वर्षं ‘दोष माझ्या रक्तात’ हे धरून बसते.

हे पुस्तक मुख्यतः तिच्यासाठी, तिच्या डॉक्टरांसाठी आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं आहे. संख्याशास्त्राची आधी ओळख हवी अशी अट नाही. लागेल ते तिथल्या तिथे समजावलं आहे, आणि शक्य तिथे वाचकाला स्वतः कागदावर मांडता येईल अशा हिशेबातून. एकेका जनुकाचा निकाल देणं हा हेतू नाही. एखादा दावा समोर आला की त्याच्या कोणत्या जागा चाचपायच्या, हे हाताला वळण लागावं म्हणून काही दावे सावकाश, त्यांच्या तक्त्यांसकट उलगडले आहेत. त्यामुळे पुस्तकाची बांधणी विषम झाली आहे. सेरोटोनिनला आणि औषधांच्या जनुकांना भरपूर जागा मिळाली, कर्करोगाला फारच थोडी, कारण तिथली कथा ट्यूमरमधल्या बदलांची आणि वेगळ्या रीतीने सांगावी अशी आहे.

ज्यांचे निष्कर्ष पडले त्यांच्याबद्दल लिहिताना मी हात राखला आहे, हे काही वाचकांना खटकेल. ड्युनेडिनचा अभ्यास मोठा आहे आणि राहील. कॅस्पी आणि मॉफिट यांनी बालपण आणि पुढचं आयुष्य यांबद्दल दाखवून दिलेल्या कितीतरी गोष्टी जनुकांशिवाय उभ्या आहेत. आघातांमुळे नैराश्य येतं, हा 2003 च्या त्या लेखाचा अर्धा भाग 2009 मध्ये टिकला, 2018 मध्ये टिकला आणि 2019 मध्येही टिकला. त्यावर मथळे आले नाहीत, म्हणून पुस्तकाची शेवटची काही पानं त्याच्यासाठी ठेवली आहेत.